पहिली पावती

शिबान गाव, हुनान
११ ऑगस्ट १९९६

युन,

तुझं जूनचं पत्र जुलैत मिळालं आणि उत्तर ऑगस्टात लिहितोय, तेव्हा आधी मला चार शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. भाताचं पहिलं पीक कापून झालं, दुसऱ्याची लावणी परवा उरकली. कंबर अजून माझीच आहे की शेजाऱ्याची, ते कळत नाही.

बाबा ठणठणीत आहेत. तू पाठवलेल्या पैशांतून त्यांनी काय आणलं असेल? लाखेचा डबा. स्वतःसाठी आधीच करून ठेवलेल्या शवपेटीला यंदा सातवा हात दिला. मागच्या खोलीतून अंगणात काढून ठेवली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टिचकी मारून आवाज ऐकवत होते. तुझी वहिनी म्हणाली, "बाबा, इतकी चकाकली तर तुम्हाला आत जायची घाई होईल." तर म्हणाले, "घर बांधून झालं म्हणून कुणी लगेच राहायला जातं का?"

आता मुद्द्याचं. सरकारी कचेरीच्या यंदाच्या कराच्या मागणीच्या चिठ्ठ्या आल्या. कचेरीची नवी इमारत तू पाहिलेली नाहीस. तीन मजले, बाहेरून पांढऱ्या फरशा, दारात दगडी सिंहांची जोडी आणि साहेबांना काळी मोटार. शाळेचं छप्पर अजून गळतंय, पण सिंह मात्र झकास आहेत. आता हे सगळं कुणीतरी भरायला नको का? रस्त्यासाठी वर्गणी, शाळेसाठी वर्गणी आणि डुक्कर मारल्याचा कर माणशी. होय, माणशी. घरात डुक्कर असो वा नसो, तान्ह्या पोराच्या नावावरसुद्धा. वसुलीवाला फंग आला तेव्हा बाबांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "दोन वर्षं झाली, आमच्या गोठ्यात डुक्कर नाही. तू म्हणतोस मी मारलं. मग माझ्या वाट्याचं मांस कुणी खाल्लं ते तरी सांग." फंग हसला, पण चिठ्ठी ठेवूनच गेला.

तानकाकूनं भरायचं नाकारलं, तर तिच्या घराचं दार बिजागऱ्यांसकट काढून नेलं. विधवा बाई आता दाराच्या जागी चटई टांगून झोपते.

इथे कुजबुज आहे की केंद्राचं एक परिपत्रक आहे. गेल्या वर्षी माणसाच्या हातात जे निव्वळ उत्पन्न आलं त्याच्या शंभरात पाचाहून जास्त घ्यायचं नाही, असं त्यात छापलंय म्हणे. कचेरीत विचारलं तर "असं काही नाही" म्हणतात आणि कपाटाकडे बघतात. तुझ्या शहरात पुस्तकांची दुकानं आहेत. बघशील का?

माओशेंग

बाबा सांगतात, लिही: गोंदाचा वास नाकात जातो तर तोंडाला फडकं बांधत जा.

*

दोंगग्वान
२६ ऑगस्ट १९९६

दादा,

चार शिव्या घातल्या. वहिनीतर्फे दोन जास्तीच्या.

पुस्तिका मिळाली. रविवारी अर्धा दिवस सुट्टी होती, तिसऱ्या दुकानात सापडली. शेतकऱ्यांवरच्या बोजाबद्दलची केंद्राची सगळी परिपत्रकं तिच्यात आहेत, तुझं पाच टक्केवालं तर सुरुवातीलाच. दुकानदारानं माझ्या कारखान्याच्या अंगरख्याकडे बघून विचारलं, "तुला कशाला?" म्हटलं, उशाखाली घ्यायला. पोस्टात उघडून बघतात असं ऐकलं म्हणून बुटांच्या खोक्यात घातलीय, डाव्या बुटाच्या तळव्याखाली. बूट बाबांचे आहेत. ते घालून बघायच्या आधी पुस्तिका काढ, नाहीतर ते म्हणतील पोरीला बूटही धड करता येत नाही.

तानकाकूची जिनश्यू इथे कारखान्याच्या वसतिगृहात माझ्या खालच्या पलंगावर असते. दाराचं तिला मीच सांगितलं. ती दिवसभर काम करत राहिली, जेवणाच्या रांगेत एकदम रडायला लागली.

दादा, पण एक ऐक. पुस्तिका द्यायची तर मास्तरांना दे, आणखी कुणाला दे. तू पुढे होऊ नकोस. तुला दोन पोरं आहेत. शेजारच्या जिल्ह्यातली एक मुलगी इथे शिवणकामावर आहे. तिचा काका असंच काहीतरी वाचून दाखवत होता. त्याला नेलं आणि महिन्यानं सोडलं, तेव्हा त्याच्या तीन बरगड्या मोडलेल्या होत्या. मी विचार करते, आपल्या घराचे जे काही असतील ते मी भरते. माझ्याकडे थोडे साठलेत. तुम्ही शांत बसा. एवढ्यासाठी कुणी मार खायचा?

बाबांना सांग, फडकं बांधते. खोटं आहे, पण सांग.

युनशिया

*

शिबान
२२ सप्टेंबर १९९६

युन,

बूट मिळाले. डावा आधी उघडला.

पुस्तिका बाबांनी तीन वेळा वाचून घेतली. तिसऱ्यांदा मी एक ओळ गाळली, तर म्हणाले, "मधलं खाल्लंस." अक्षर वाचता येत नाही, पण कान बघ त्यांचे.

मग बाजाराच्या दिवशी पुलावर वाचायचं ठरलं. लग्नामयतीला वाजवणाऱ्या बँडवाल्यांकडून कर्णा आणि बॅटरी आणली. मास्तरांना विचारलं, तर त्यांना त्याच दिवशी ताप आला. शेवटी वाचलं मीच. युन, तू रागावशील, पण ते ऐकायला हवं होतंस. मिरच्या विकणाऱ्या बाया टोपल्या सोडून आल्या. "पाच टक्के" म्हटल्यावर एक म्हातारा ओरडला, "परत वाच." मी परत वाचलं. असं सात वेळा झालं. शेवटी लोक माझ्याबरोबर म्हणायला लागले.

त्याच आठवड्यात खळ्यावर सभा झाली. परिपत्रकाप्रमाणे नव्यानं आकडा काढून देईपर्यंत एकानंही भरायचं नाही, असं पांढऱ्या कापडावर लिहिलं आणि खाली एकशेचौदा घरांचे लाल अंगठे. आता पहिला अंगठा कुणाचा? पहिला अंगठा म्हणजे पुढारी आणि पुढाऱ्याला आधी उचलतात, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. तेव्हा ठरलं की म्हातारी माणसं पुढे घालायची. पांढऱ्या केसांवर हात टाकायची फंगची हिंमत नाही, टाकला तर त्याच्याच आईसमोर त्याला जेवायला बसता येणार नाही. बाबा म्हणाले, "आणा इकडे." त्यांचा हात हल्ली थरथरतो, म्हणून अंगठा मीच धरून टेकवला.

तुझ्या पैशांचं त्यांना सांगितलं. हसले नाहीत. म्हणाले, "एका घरानं भरलं की बाकीच्या एकशेतेरांचा कणा मोडतो. तिला लिही, एक कवडी पाठवायची नाही."

मी ठीक आहे. मी मागच्या रांगेत असतो.

माओशेंग

*

दोंगग्वान
४ ऑक्टोबर १९९६

दादा,

सात वेळा वाचलंस म्हणे. मी तुझं पत्र तेवढ्याच वेळा वाचलं. प्रत्येक वेळी त्या एका ओळीवर येऊन थांबते, अंगठा मीच धरून टेकवला.

ते बहात्तर वर्षांचे आहेत. फंगला आई असेल, पण त्याच्याबरोबर जी भाड्याची पोरं येतात त्यांना कुणाच्या आया माहीत आहेत?

मी काही बोलत नाही. मी इथे आहे, बोलायचा मला काय हक्क. मी घरी असते तर एखादा अंगठा माझाही असता आणि मग बोलले असते. नुसती चौकशी म्हणून विचारते, आपल्या घराच्या चिठ्ठीवर एकूण रक्कम किती लिहिलीय? जिनश्यूला तिच्या घरची माहीत आहे, मला आपली नाही. लाज वाटते.

युनशिया

*

शिबान
१७ ऑक्टोबर १९९६

युन,

तीनशे शहाऐंशी युआन. आता लाज वाटू देऊ नकोस.

आणि भीतीही सोड. मंगळवारी ते आले. ट्रॅक्टर, त्यावर वीस जण, पुढे फंग. आम्हाला आदल्या दिवशीच कळलं होतं. गावात शिरायच्या वाटेवर बाबांनी वेताची खुर्ची टाकली आणि बसले. त्यांच्या दोन्ही अंगांना आणखी सात म्हातारे, आपापल्या खुर्च्या आणि शेगड्या घेऊन. कुणी तंबाखू ओढतंय, कुणी पत्ते पिसतंय. फंग म्हणाला, "आजोबा, वाट सोडा." बाबा म्हणाले, "ट्रॅक्टर थकला असेल, त्याला बसायला सांग." अर्धा तास हेच चाललं. मग ट्रॅक्टर उलटा वळवताना चिखलात रुतला आणि तो ढकलायला आमचीच पोरं गेली.

त्या दिवशी तानकाकूनं म्हाताऱ्यांसाठी रताळी भाजून आणली. सगळे बाबांना सेनापती म्हणतात. ते वरवर चिडतात आणि मग खोल्यांतून छाती काढून हिंडतात. इतके खूष मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते.

मी कुठे होतो? गोठ्यामागे, तरण्या पोरांबरोबर. ठरलंच होतं तसं. आम्ही पुढे असतो तर मारामारी झाली असती. हे मी तुला समजावतोय की स्वतःला, असं वहिनी विचारते. तिला सांग, नवऱ्याची पत्रं वाचू नये.

माओशेंग

बाबा: बूट चावत नाहीत. छान केलेत.

*

दोंगग्वान
२ नोव्हेंबर १९९६

दादा,

घाईत लिहितेय, हल्ली जादा काम फार असतं. बाबांसाठी कापसाचा कोट पाठवलाय. वाटेवर बसायचंच असेल तर तो घालून बसू दे.

कुणी काही बोललं तरी बाबांना सांग, युन जे करते ते तुमच्या काळजीपोटी करते. माझ्यावर राग धरू नका. मी आता जरा शांत झोपते.

युनशिया

*

शिबान
१२ डिसेंबर १९९६

युनशिया,

कोट मिळाला. घरी सगळं ठीक. बाबांना सर्दीखोकला आहे, म्हणून यावेळी त्यांची ओळ नाही.

नवीन वर्षाला गाडीला फार गर्दी असते, तिकिटं काळ्या बाजारात घ्यावी लागतात. यंदा येऊ नकोस.

माओशेंग

*

दोंगग्वान
२७ डिसेंबर १९९६

दादा,

तू मला युनशिया कधीपासून म्हणायला लागलास?

तुम्हाला कळलंय. तेव्हा मीच लिहिते. २९ ऑक्टोबरला मी कचेरीच्या नावानं तीनशे शहाऐंशीची मनीऑर्डर केली, बाबांच्या नावे जमा करा म्हणून. खाली लिहिलं की पावती घरी पाठवू नका, मला पाठवा. मला वाटलं, मुकाट्यानं भरलं तर कुणाला कळणार नाही. पुढच्या वेळी ट्रॅक्टर आला की फंग वही बघेल, आपल्या नावापुढे भरल्याची खूण असेल आणि बाबांना कुणी हात लावणार नाही. तुम्ही सगळ्यांबरोबर उभे राहाल आणि आतून सुरक्षितही असाल. मी इतकी हुशार. पावती आली. लाल शिक्का, आकडा बरोबर. मी ती उशीच्या अभ्र्यात शिवून टाकली आणि खरंच महिनाभर गाढ झोपले. तुझ्याकडून आकडासुद्धा मी फसवून घेतला.

मग एक दिवस जिनश्यूनं तिचा पलंग बदलून घेतला. मी कारण विचारलं तर सगळ्या खोलीसमोर म्हणाली, "तुझ्या बापानं आमच्या घरची रताळी खाल्ली आणि चोरून आधी स्वतःचे भरले. माझ्या आईचं धान्य गेलं." मी म्हटलं, बाबांनी नाही. ती म्हणाली, "त्यांनी स्वतःच्या तोंडानं सगळ्या गावासमोर सांगितलंय."

त्यांनी काय सांगितलं? का सांगितलं? मी तिला तिथेच खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि मिटलं. बारा जणी बघत होत्या.

दादा, मला सगळं लिही. बाबांना खरंच सर्दी आहे का?

युन

*

शिबान
११ जानेवारी १९९७

युन,

तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. आता सलग लिहितो.

२० नोव्हेंबरला बाजार होता. कचेरीच्या मोठ्या कर्ण्यातून घोषणा झाली की शिबान गावात पूर्ण भरणा करणारं पहिलं घर लियाओ देआन यांचं, कचेरी त्यांचं अभिनंदन करते. भिंतीवर लाल कागद लावला, बाबांचं नाव आणि वर कागदी फूल. बाबा आधी हसले. म्हणाले, "यांना धड खोटंही बोलता येत नाही." आणि जाब विचारायला एकटेच त्या सिंहांमधून वर गेले. तिथल्या कारकुनानं त्यांना तुझ्या मनीऑर्डरचा कागद दाखवला आणि पाठवणाऱ्याचं नाव वाचून दाखवलं. घरी आल्यावर त्यांनी हे फक्त मला सांगितलं. तुझ्याबद्दल एवढंच म्हणाले, "पोर घाबरली. मी तिला कधी सांगितलंच नाही की मी घाबरत नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी खळ्यावर सगळे जमले. कुणीतरी म्हणालं, घरचा व्यवहार माओशेंग बघतो, पुस्तक वाचणाराही तोच, त्यानंच विकलं आपल्याला. सगळे माझ्याकडे वळले. युन, तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते घेणारच होतो, असं मला वाटतं. तेवढ्यात बाबा उठले आणि म्हणाले, "मी भरले. मला भीती वाटली." मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मी काही बोललो नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हे तुला सांगितल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही.

तानकाकूनं विचारलं, "पैसे कुठून आणलेत?" ते म्हणाले, "पेटी विकली." "ती तर काल मी पाहिली." "सौदा झालाय, उद्या न्यायला येणार आहेत." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते चालत पलीकडच्या बाजारपेठेत गेले, सुताराला घेऊन आले आणि सगळ्या गावादेखत पेटी गाडीवर चढली. सात हात लाख दिलेली. सुतारानं तीनशे दहा दिले, कारण घाई कुणाची आहे ते त्याला दिसत होतं. बाबा म्हणतात हे पैसे तुझेच, म्हणून या पत्राबरोबर मनीऑर्डर केलीय.

पुढच्या चार दिवसांत साठ घरांनी भरले. ३ डिसेंबरला ट्रॅक्टर बाकीच्यांसाठी आला. बाबांनी वाटेवर खुर्ची टाकली, तुझा कोट घालून बसले. एकटेच. सातांपैकी एकही आला नाही. फंग म्हणाला, "आजोबा, तुमचं तर भरलंय. तुम्ही आमचीच माणसं." चौघांनी खुर्ची त्यांच्यासकट उचलली आणि शेताच्या बांधावर नेऊन ठेवली, वाटेतली कुंडी बाजूला करावी तशी. धसमुसळेपणा केला नाही. एकानं त्यांच्या गुडघ्यांवरचं पांघरूणही नीट केलं. मग तानकाकूचं धान्य भरून घेऊन गेले.

पाऊस भुरभुरत होता. बाबा तसेच तिथे बसून राहिले. मला हे सकाळीच कळलं होतं. मी दुपारी गेलो. लोकांसमोर त्यांना हाताला धरून आणायची मला लाज वाटत होती.

खोकला तेव्हापासून आहे. डॉक्टर म्हणतात छातीत पाणी नाही, उन्हाळ्यापर्यंत बरे होतील. जेवतात, पण अंगणात बसत नाहीत. माझं मात्र चांगलं चाललंय. पुढे काय करायचं ते विचारायला लोक माझ्याकडे येतात. बाप असा निघाला, तरी मुलगा मागे हटला नाही, म्हणतात.

माओशेंग

*

दोंगग्वान
२४ जानेवारी १९९७

दादा,

पैसे आले. त्यांना हात लावलेला नाही.

तू गप्प राहिलास त्यावर मी काय बोलणार. माझ्या तोंडी ते शोभत नाही.

सोबत वेगळा कागद आहे. त्यात लिहिलंय की पैसे मी, लियाओ युनशियानं, बाबांना न विचारता भरले, पेटी बाबांनी नंतर विकली, माझी चूक झाकायला. खाली अंगठा लावलाय आणि सहीसुद्धा. बाजाराच्या दिवशी पुलावर, त्याच कर्ण्यातून वाच. सात वेळा वाच. गावानं मला परत घेतलं नाही तरी चालेल.

हे मी स्वतः येऊन बोलायला हवं. तिकिटाचं कारण तू दिलंस आणि ते मला आवडलं. मला धीर होत नाही, हेही लिहून टाकते.

जिनश्यूला काल सांगायला गेले. तिनं पाठ फिरवली आणि मला बरं वाटलं.

युन

*

शिबान
१८ मे १९९७

युन,

चार महिने तुला पत्र नाही, कारण तुझा कागद चार महिने माझ्या खिशात होता. प्रत्येक बाजाराला घेऊन गेलो. कधी पाऊस होता, कधी बॅटरी नव्हती. एकदा पाऊस नव्हता, बॅटरीही होती, तरी परत आलो.

आता ऐक. आपण जिंकलो. मार्चमध्ये आम्ही चौदा जण ते पांढरं कापड घेऊन प्रांताच्या राजधानीत गेलो होतो, सहा दिवस फाटकाबाहेर बसलो. मे लागताच जिल्ह्याहून चौकशीची माणसं आली. आठवडाभर घरोघर हिंडली, पुस्तिकेप्रमाणे पुन्हा हिशेब मांडला. डुकराचा कर ज्याच्याकडे डुक्कर त्यालाच. जास्तीचं घेतलेलं परत, तानकाकूचं दार आणि धान्यसुद्धा. फंगची बदली झाली. सिंह आहेत तिथेच आहेत.

परवा शाळेच्या पटांगणात पैसे वाटले. वरचा साहेब खुर्चीवर, शेजारी गावाचा प्रतिनिधी म्हणून मी, हातात ध्वनिक्षेपक. ज्या क्रमानं लोकांनी भरले त्याच क्रमानं नावं पुकारायची होती. पहिलं नाव लियाओ देआन. तेही मलाच वाचायचं होतं.

मी वाचलं. बाबा मागे भिंतीला टेकून बसले होते, ते उठलेच नाहीत. कुणीतरी हसलं. तेव्हा मी खिशातून तुझा कागद काढला आणि वाचायला लागलो. वाचला, सगळा. मग माझं स्वतःचंही बोललो. म्हटलं, मला हे त्या दिवशी खळ्यावर उभा असतानाच माहीत होतं, मी मुद्दाम गप्प बसलो, बाबांना वाटेवर एकटं सोडलं. युन, बोलून झाल्यावर वाटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे.

तेव्हा बाबा उठले. भिंत धरून, खोकत पुढे आले. म्हणाले, "ऐकू नका त्याचं. पोरं बापाची लाज झाकतायत. पैसे मी भरले, पेटी मी विकली, सगळ्यांनी बघितलीय. आणा माझे पैसे." साहेबानं वही पुढे केली. त्यांनी अंगठा उठवला, पैसे मोजून घेतले आणि मान खाली घालून पटांगणातून निघून गेले.

मी धावत मागे गेलो. वाटेत गाठलं आणि त्यांच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. ते म्हणाले, "तिला आज ना उद्या इथे परत यायचंय. आणि पुढच्या वर्षी पुन्हा चिठ्ठ्या येतील, तेव्हा पुलावर कुणाचं ऐकायचं लोकांनी? म्हातारा घाबरला तर लोक सांभाळून घेतात रे. तुम्हा दोघांना नाही सांभाळणार." मी म्हटलं, मला हे नको. म्हणाले, "तुला विचारलं कुणी?"

परत पटांगणात गेलो तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी माझा हात हातात घेतला, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, खरंच तसंच झालं होतं. जितकं सांगितलं तितकं ते मान हलवत राहिले. शेवटी मी थांबलो.

आज सकाळी तानकाकू वीस अंडी घेऊन आली. म्हणाली, "बाप कसाही निघो, पोरं सोन्यासारखी. तुझ्या बहिणीनं तर त्याच्यासाठी स्वतःच्या नावाला काळं फासून घेतलं, अंगठासुद्धा लावून पाठवला." बाबा आतल्या खोलीत होते. ते ऐकत होते. मी अंडी घेतली.

तिनं जिनश्यूला पत्र लिहून घेतलंय, तुझ्याशी पूर्वीसारखी राहा म्हणून. या आठवड्यात ते पोचेल. ती बहुतेक परत तुझ्या खालच्या पलंगावर येईल.

माओशेंग